लिंबापासून हौदापर्यंत

बारामती, १२ फेब्रुवारी २०२५

ती. गेणबामामांस,
संस्कृतीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाईलवरची अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात, म्हणून मामीच्या सांगण्यावरून कागद-पेन घेऊन बसले आहे. शाळेतल्या निबंधांनंतर हातानं एवढं लिहायची ही पहिलीच वेळ. अक्षराला हसू नका.

आमच्या मालिकेचं काम जोरात चाललंय. इथल्या एका रिकाम्या गोडाऊनमध्ये प्लायवूडचं अवकाशयान उभं केलंय. साल २३९१, यानाचं नाव 'उजनी-दोन'. नाव मीच सुचवलं, कारण यानातल्या लोकांचं गावही तुमच्या जुन्या गावासारखं धरणाच्या पाण्याखाली गेलेलं आहे. तिसऱ्या भागात यानाची कॅप्टन कोठारातली एक पेटी उघडते, त्यात कॅसेट सापडते, आणि आपल्या काळातलं गाणं सगळ्या यानात घुमतं. असल्या मालिकांत जुनं गाणं लागतंच. मी महिनाभर गाणं शोधत होते आणि ते दिवाळीत तुम्ही दिलेल्या कॅसेटच्या पिशवीत निघालं! तुमच्या चंद्रलोक ब्रास बँडची 'रॉकेट' ही धून. आमचे दिग्दर्शक यशराज ती ऐकून खुर्चीतून उठून नाचले. वापरू का? तुमचं नाव पडद्यावर येईल.

एक विचारते, रागावू नका. कॅसेट घरी लावली तर आई गॅस बंद करून बाहेर अंगणात जाऊन बसली. दर भाऊबीजेला ती तुम्हाला ओवाळते, पण बँडचं नाव काढलं की तोंड फिरवते. बँडवाल्याची सख्खी बहीण, आणि तिच्या लग्नात बँड नव्हता, एवढंच मला माहीत आहे. असं काय झालं होतं?

मामीला नमस्कार. उत्तर धाडा, नाहीतर मी येऊन बसेन.
तुमची भाची,
संस्कृती


पळसदेव, २० फेब्रुवारी २०२५

चि. संस्कृतीस,
गेणबामामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मामीनं दोनदा वाचलं, मी चारदा. अक्षर कोंबडीनं उकिरडा उकरल्यागत हाय, पण लागलं वाचाय.

मला एक कळंना. साल तेवीसशे एक्क्याण्णव, आन् माणसं ऐकत्यात आमचा बँड? मग मधल्या पावणेचारशे वर्सांत काय समदे वाजवणारे वारले का काय? का विमान बांधता बांधता गाणं करायचंच राहून गेलं? टीव्हीवर त्या विंग्रजी यानांतबी मी बघतो, बसलेली माणसं चंदेरी कपड्यांत, आन् मान हलवत्यात ती आमच्या तरणेपणातल्या गाण्यावर. ऐकू येत न्हाय मला, पण मान कशी हलती त्यावरनं ठेका वळखतो. चाळीस वर्सं बँड वाजवलाय बाई.

'रॉकेट'ची गंमत सांगतो. डिस्कोचा जमाना हुता. रेडिओवर एक गाणं अर्धं ऐकलं आन् लाईट गेली. पुढचं काय ते कळंना, मग मीच क्लॅरोनेटवर जोडलं. पुढं खरं गाणं ऐकाय मिळालं तर आमचंच झ्याक वाटलं! मग म्या पहिलं अर्धंबी बदलून टाकलं. पोरं त्याच्यावर म्हणायची, रॉकेटात बसून नवरी आली. माझा बाप सावळाराम त्याला ढोलाची साथ करायचा. खुशाल वापर. नाव टाकलंस तर बापाचंबी टाक.

आईचं विचारलंस ते राहू दे. तिची चूक न्हाय, एवढं ध्यानात ठेव.

पाणी उतराय लागलंय. मासळी बरी हाय. जेवत जा वेळेवर.
तुझा मामा,
गेणबा


बारामती, ४ मार्च २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं. मधले सगळे वारले का, यावर यशराज खो खो हसले. मला विचाराल तर असं आहे. तेवीसशे एक्क्याण्णवचं गाणं आम्ही कुठून आणणार? बनवलं तर खोटं वाटतं. यान खोटं, कपडे खोटे, ग्रह खोटा. तिथं एक ओळखीची धून वाजली की बघणाऱ्याला वाटतं, अरे, ही तर आपलीच माणसं.

आता शाबासकी द्या. तुमची कॅसेट पार खराब होती. खरखर मी काढली. पण गाणं ऐन रंगात आल्यावर मधेच अठ्ठावीस सेकंद वाजणंच बंद! नुसत्या चपलांचा आवाज, कुठं बैलाची घंटा, कुणीतरी खोकतंय. आणि मग धून तुटली होती त्याच सुरावरून पुन्हा सुरू. टेप करणाऱ्यानं माईक भलतीकडे धरला असणार. मी दोन दिवस बसून आधीच्या कडव्यातले तुकडे उचलले आणि तेवढी जागा भरून काढली. जोड कुठं आहे ते तुम्हालासुद्धा ओळखता येणार नाही! तुम्ही अर्धं गाणं जोडलं होतं ना, तशी मीही तुमचीच भाची. वीस मार्चला आवाजाचं काम कायमचं बंद होईल, मग त्यात बदल नाही.

आई बरी आहे. माया पातळ करू नका.
तुमची,
संस्कृती


पळसदेव, १० मार्च २०२५

चि. संस्कृतीस आशीर्वाद.

पोरी, हे काय करून बसलीस? तुला कॅसेट दिली हुती ती ऐकाय दिली हुती, बुजवाय न्हाय. ती जागा फुटलेली न्हाय. ती आमी वाजवलीय.

तू विचारलंवतंस, म्हणून आता लिवतो. अठ्ठ्याऐंशी साली वैशाखात माझा बाप शुक्रवारी गेला आन् मंगळवारी गावात लग्न हुतं. महिपती तात्याच्या धाकटीचं. तिचं नाव नकोशी. चार पोरींवर झाली म्हणून तसलं नाव ठेवलेलं. त्या पोरीला माझ्या बापानं शब्द दिलावता, की तुझ्या लग्नात 'रॉकेट' वाजवू, समद्या गावानं नाचलं पायजे. बाप गेला. सुतकात मंगळकार्याला वाजवत न्हायत, हे मलाबी ठावं हुतं. ऐन लगीनसराईत दुसरा बँड मिळंना. तात्या म्हणला, राहू दे गेणबा, बिनबँडचं करू. मला ते सोसंना. जलमल्यापासनं जिला नको म्हणलं, तिच्या लग्नात बँडबी नको म्हणायचं? मग म्या वाजवलं.

नवरदेव मारुतीला पाया पडून मांडवाकडं निघाला. वाट आमच्या दारावरनं, दाराअलीकडं लिंब, पलीकडं हौद. ज्या दारात सुतक आसंल तितं बँड बंद करून जायचं, ही आमची रीत. आजवर दुसऱ्यांच्या दारात पाळली, त्या दिवशी आपल्या दारात पाळली. लिंबाखाली आलो, म्या हात वर केला, समदे गप. लिंबापासनं हौदापर्यंत एकेचाळीस पावलं. मी मोजली. हौदापाशी जिथं सूर सोडलावता तितनंच उचलला. महिपती तात्याचा पाव्हणा आबाजी मुंबईवरनं टेप घेऊन आलावता, त्यानं ते फितीत धरलं आन् कॅसेट मला दिली.

तुझी आई तवा ईस वर्सांची. बँड येतोय म्हणल्यावर तिनं आतनं कडी लावली, मागल्या खोलीत गेली आन् कानात पदराचे बोळे घातले. आमी थांबल्यालं तिला कळलंच न्हाय. तिच्या लेखी, बापाची राख गार झाली न्हाय तवर भाऊ दारावरनं डिस्को वाजवत गेला. फुडच्या वर्सी तिनं आपल्या लग्नात बँड नको म्हणलं. म्या वाद घातला न्हाय. थांबलो म्हणून वाजवलं न्हाय असं थोडंच हाय?

तिला यातलं काय सांगू नकोस. पण ती एकेचाळीस पावलं तेवढी माघारी दे. माझे कान गेले, आता ती त्या फितीतच हायत. तेवीसशे सालच्या माणसांना माझी धून न्हाय ऐकवलीस तरी चालंल, पण बुजवून ऐकवू नकोस.

रागं भरलो. मामा हाय तुझा, तेवढा हक्क हाय.
गेणबा


बारामती, १७ मार्च २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

चुकले मामा. कान धरून सांगते, चुकले. मूळ टेप शाबूत आहे. भरलेला भाग तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी काढून टाकला.

पण दोन गोष्टी घडल्यात. एक, तुम्ही सांगू नको म्हणालात ते माझ्या हातात राहिलं नाही. पोस्टमन पाकीट आईकडे देऊन गेला, आणि भावाचं अक्षर दिसलं म्हणून तिनंच फोडलं. दोन दिवस ते पत्र तिच्या उशाशी होतं. तिसऱ्या दिवशी स्कूटीवर मागे बसली आणि म्हणाली, मला तुझ्या ऑफिसात ने.

दुसरी गोष्ट म्हणजे यशराज अडून बसले होते. म्हणत होते की अठ्ठावीस सेकंद आवाज नाही म्हटल्यावर लोक मोबाईल आपटून बघतील, चॅनलवालेही नको म्हणतील, गाणं भरून वापरू नाहीतर दुसरं घेऊ. आमची हमरीतुमरी चालली होती तेव्हा आई कोपऱ्यात कानाला हेडफोन लावून बसली होती. तिनं एकदा ऐकलं, पुन्हा ऐकलं. मग हेडफोन काढून यशराजना विचारलं, की बाळा, तुमच्या त्या यानावर माणसं राहतात ना? ते हो म्हणाले. ती म्हणाली, राहतात म्हणजे मरतही असतील, मग कुणाच्या दारात थांबायला काय झालं?

यशराजनी वीस मार्चची तारीख पुढं ढकलली. मग त्यांनी मला प्रसंग नव्यानं लिहायला सांगितला. आता असं आहे, की 'रॉकेट' वाजायला लागलं की सगळं यान नाचतं, आणि ती जागा आली की जो जिथं असेल तिथं उभा राहतो. हातातलं काम खाली ठेवतो. का थांबायचं ते कुणालाच माहीत नाही. त्यांच्या आज्या-पणज्या थांबायच्या, म्हणून तेही थांबतात. पुन्हा सूर आला की कामाला लागतात.

आई काय लिहिते आहे ते मला दाखवत नाही. माझ्यावरचा राग गेला असेल तर तसं कळवा, तोवर मला जेवण गोड लागायचं नाही.
तुमची,
संस्कृती


बारामती, १८ मार्च २०२५

ती. दादास,
विजयमालाचा नमस्कार.

तुला पत्र लिहायची सवय नाही. सदतीस वर्षांत लिहिलं नाही. भाऊबीजेला समोर बसून ओवाळलं, पण बोलले काय, तर पाऊसपाणी आणि उसाची तोड.

मी ते ऐकलं दादा. बँड येतो, लिंबाखाली गप होतो. मग नुसत्या चपला. त्यात तुझी वळखली मी. तुझ्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला होता, तू ती फरफटत चालायचास. आई म्हणायची सांधून घे, आणि तू म्हणायचास लगीनसराई संपू दे. मी आत होते, कानात बोळे घालून. दाराबाहेर माझा भाऊ आपल्या बापासाठी, अण्णासाठी मुक्यानं चालला होता, आणि मी आतून कडी घातली होती. एक दार होतं रे मधे.

तू सांगितलं का नाहीस? मला त्याचा रागच आला आधी. मग वाटलं, सांगितलं असतंस तरी मी तेव्हा ऐकलं नसतं. माझ्या लग्नात बँड नको म्हणाले ते आता परत घेता येत नाही. तुझं तोंड त्या दिवशी कसं झालं होतं ते मला आठवतं. मी मुद्दाम बघितलं होतं.

तीन मेला संस्कृतीचा तो भाग टीव्हीवर लागणार आहे. तू आणि वहिनी बारामतीला या. ऐकू येत नाही ही सबब सांगू नकोस. माझ्याशेजारी बस. मी तुझ्या तळहातावर ठेका धरीन. अण्णाचा ढोल मला अजून पाठ आहे. बँड थांबला की माझा हात थांबेल. तेवढं तर तुला कळेल.

पुरणपोळी करते. राग धरलास तर माझ्याच घरी बसून धर.
तुझी बहीण,
विजू


पळसदेव, ६ मे २०२५

चि. सौ. विजूस अनेक आशीर्वाद.

काल सुखरूप पोचलो. मासळी बर्फ घालून येत्या शनिवारच्या एष्टीनं धाडतो, स्टँडवरनं घे. पाणी लई खाली गेलंय, जुनं देऊळ निम्मं उघडं पडलंय. संस्कृतीला म्हणावं राग कवाच गेला, जेव आता. आन् तुमच्या त्या कॅप्टनबाईला चालाय येत न्हाय नीट, पण उभी झ्याक राहिली.

तितं समद्यांसमोर बोललो न्हाय, म्हणून लिवतो. तुझा हात थांबला तवा डोळे मिटले आन् मनात पावलं मोजाय लागलो. लिंब मागं पडला. आपलं दार आलं. तुझा हात माझ्या हातावर तसाच पडून. म्या मोजत गेलो. एकेचाळीस झाली आन् तुझा हात पुन्हा वाजाय लागला, अण्णा वाजवायचा तसाच.

एक पाऊल इकडं न्हाय, एक पाऊल तिकडं न्हाय.

तुझा दादा,
गेणबा