विहिणींचा नाणेघाट

शुक्र., ११ जुलै

अमेय आजही गेला नाही. ठाण्यातल्या, माजिवड्याच्या फ्लॅटवर नेट चालत नाही, चार दिवस डोंबिवलीहून काम करतो, असं सांगून आलेला. नेट चालत नाही म्हणून कोणी लग्नातला सूट घेऊन येतं का? शेवटी विचारलंच. म्हणाला, "आई, मी आणि प्राची वेगळे होतोय. दोघांनी मिळून ठरवलंय. भांडण वगैरे काही नाही." भांडण नाही तर मग आहे काय, असं विचारलं तर कानात ते इयरफोनचं बोंडूक घातलं आणि मीटिंगला बसला.

वर बजावलं, प्राचीच्या आईला अजून माहीत नाही. प्राची स्वतः सांगणार आहे. तू तोंड उघडू नकोस.

आणि बुधवारी मी त्याच आईबरोबर माळशेजला चाललेय. दोन रात्री. मे महिन्यापासून ठरलेलं.

लाज वाटते लिहायला, पण पहिला विचार पोराचा आला नाही. ट्रिपचं काय, हा आला.

मंगळ., १५ जुलै

प्राचीच्या आईचा, पुष्पाताईंचा फोन. कल्याण डेपोत सातला भेटायचं. मासेमारीला बंदी आहे तोवरच त्या मोकळ्या, एकदा बोटी सुटल्या की मासळीबाजारातली जागा सोडत नाहीत.

फोन ठेवताना म्हणाल्या, "येते हां, विहीणबाई."

विहीणबाई? लग्न झाल्यापासून ही बाई मला मास्तरीण म्हणते. लग्नाच्या हॉलमध्ये सगळ्यांदेखत म्हणाली होती, माझ्या नणंदेचं तोंड बघण्यासारखं झालेलं. लग्नाला दोन्हीकडच्यांनी नाकं मुरडली. जमलं ते आम्हा दोघींचं. मग आज हे काय?

बुध., १६ जुलै. माळशेज

पोचलो. वर्गात आयुष्यभर नकाशावर छडी ठेवून "हा घाटमाथा, हे कोकण" करत आले, आणि आज पहिल्यांदा एसटीच्या खिडकीतून तो कडा अंगावर आला. काळा, ओला, थरावर थर. प्रत्येक थर म्हणजे लाव्हाचा एक लोट, हे शिकवताना पोरं जांभया द्यायची. आता कळलं, मीही जांभया देतच शिकवत होते. एका वळणावर धबधब्याचं पाणी थेट टपावर. बसमधल्या सगळ्या बायका एकदम किंचाळल्या. मी पण.

पण माझं निम्मं लक्ष पु. कडे. खिडकी मला दिली! ही बाई खिडकीसाठी कंडक्टरशीही भांडते. लॉजवर, "तुमी आधी बसा, विहीणबाई." चहा आधी मला. माझी पिशवी हातातून काढून घेतली. दुपारपर्यंत मला नको नको झालं.

जेवताना मात्र जुन्या पु. सापडल्या. लॉजवाला कौतुकाने धरणातला मासा दाखवायला घेऊन आला. यांनी कल्ला उचलून पाहिला, परत ठेवला. "ताजा हाय रे, पन गोड्या पान्याचा. तुमीच खा." आणि माझ्याबरोबर पिठलं-भाकरी जेवल्या. मी हसले, त्याही हसल्या. लगेच पुन्हा विहीणबाईवर आल्या.

हिला कळलंय का? की मी गप्प आहे म्हणून ही अशी वागतेय? माझा चेहरा काही लपवणारा नाही, वर्गात कोण कॉपी करतंय हे दिसलं की पोरांना माझ्याच तोंडावरून कळायचं.

गुरु., १७ जुलै. संध्याकाळ

जीपने नाणेघाट. धुकं इतकं की समोरचा डोंगर आहे यावर विश्वास ठेवायचा. जकातीचा दगडी रांजण पाहिला. कल्याण बंदरातून माल चढून यायचा तो याच वाटेने, असं मी सांगायला लागले तर पु. म्हणाल्या, "म्हंजे तवापासून कल्यानवाल्यांना वर यायचीच हौस." रांजणात वाकून पाहिलं. पावसाचं पाणी आणि चिप्सची पाकिटं.

मग उलटा धबधबा. हे बघायलाच मी आलेले. ओढा कड्यापर्यंत येतो, खाली उडी घेतो आणि खालून येणारा वारा त्याला उचलून आपल्याच तोंडावर मारतो. खरंच वर येतं! मी चष्मा पुसायची, पुन्हा बघायची, पुन्हा भिजायची. सगळं परत येत नाही, काही खाली जातंच. पण किती? वाऱ्याचा जोर कमी झाला की लगेच सरळ पडतं, जोर आला की पुन्हा वर. मला तासभर तिथून हलायचं नव्हतं.

तेवढ्यात पु. कानाशी येऊन म्हणाल्या, "विहीणबाई, जरा मागं व्हा." झालं. माझा ताबा सुटला. म्हटलं, "पुष्पाताई, मला मास्तरीण म्हणायचं का बंद केलंत?"

त्यांनी तोंडावरचं पाणी पुसलं. मग म्हणाल्या, "तुमाला म्हाईत हाय ना?"

"हो. तुम्हाला?"

"तुमच्या आदी."

माझ्या आधी! प्राचीने त्यांना जूनअखेरीसच सांगितलेलं, आणि वर ताकीद, अमेयच्या आईला इतक्यात बोलू नकोस. म्हणून मान द्यायला लागल्या होत्या. म्हणे, नातं जाताना तरी नीट वागावं.

आणि मग आम्ही भांडलो. वारा असा की ओरडल्याशिवाय ऐकू येईना, म्हणून घरातल्या गोष्टी कड्यावर उभं राहून ओरडून. "तुमचा पोरगा जेवताना तिच्याशी एक शबूद बोलत नाय!" "आणि तुमची लेक घरी असते कधी?" "नोकरी करते ती!" "अमेय काय गोट्या खेळतो?" निम्मं वाऱ्याने नेलं. "काय?" "काय म्हनलात?" करत तेच पुन्हा ओरडायचं. दुसऱ्यांदा ओरडताना आपलंच बोलणं किती घाण वाटतं. शेजारी सेल्फी काढणारी पोरं गपचूप लांब सरकली.

परतीच्या जीपमध्ये दोघी दोन खिडक्यांना. आत्ता त्या पलंगावर पाठ करून पडल्यात. झोपलेल्या नाहीत, मला माहीत आहे. मला फार वाईट वाटतंय. अमेय-प्राचीबद्दल वाटायला हवं तेवढं वाटत नाही, आणि आमच्या भांडणाचं त्याहून जास्त.

शुक्र., १८ जुलै

जाग आली तर पलंग रिकामा. पिशवी आहे, बाई नाही. तशीच चप्पल घालून बाहेर. पु. कठड्याशी बसलेल्या. धुकं उठलं होतं. खाली सगळं कोकण उघडं, भाताची खाचरं, नदी, फार लांब काहीतरी पांढुरकं.

"कल्यान कुटं?"

दाखवलं. दिसत नव्हतंच, पण दिशा बरोबर होती.

"आनि खाडी?"

"त्याच्या मागे."

मी शेजारी बसले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "माझा घरवाला गेला तवा माझ्याकडं सगली आली. जेवलीस का इचारनारी तुमीच. आता पोरांचं तुटलं म्हंजे आपलं पन तुटतं काय? आपल्यात असंच करतात ना?"

आपल्यात काय करतात, मला खरंच माहीत नाही. आमच्याकडे कोणाचं मोडलंच नव्हतं. मोडलेलं असेल तर सांगितलं नव्हतं. म्हटलं, "मला नाही तोडायचं." इतकं सरळ मी कधी कोणाला बोलले नव्हते. नवऱ्यालाही नाही. त्या पदराने नाक पुसत म्हणाल्या, "वारं बोचतंय."

बसमध्ये खिडकी त्यांनी पटकावली. वर मलाच, "मास्तरीन, सरका जरा, पिशवी ठेवू द्या."

रवि., २७ जुलै

अमेयला कुठून तरी कळलं की आम्हा दोघींना सगळं माहीत आहे आणि आम्ही बोलतो. "आई, प्लीज. वकील म्हणाल्या, दोन्ही घरच्यांनी आता एकमेकांशी बोलू नका, उगाच शब्दाने शब्द वाढतो. तू फोन नको करूस त्यांना."

म्हटलं, शब्द आम्ही वाढवून आलो, नाणेघाटात. त्याला कळलं नाही.

बायको त्याची होती. विहीण माझी आहे. हे त्याला कसं सांगू? रात्री जेवताना तो माझ्याशीही बोलला नाही, मोबाईल बघत होता. पु. नी ओरडून सांगितलेलं, ते दिसलं. राग आला. मग पाहिलं तर नीट जेवतही नव्हता. वरण पुढे केलं. "नको." डोळे सुजलेले. भांडण नाही म्हणे.

सोम., ४ ऑगस्ट

उद्या ठाण्याला कोर्टात पहिली तारीख. अमेयने सकाळी विचारलं, येशील? विचारताना पार दुसरीतला दिसत होता. म्हटलं, येईन. म्हणाला, "माझ्यासोबतच कॅबने चल. आणि तिथे त्यांच्याशी बोलू नकोस ना."

दुपारी पु. चा फोन. बोटी सुटल्यात, पहिला मासा आलाय, मागे बाजाराचा गलका. तरी उद्या जागा दुसरीला देऊन येणार. प्रा. ला एकटीने जायचंय, आई नको म्हणते. "मी जानारच. पन मास्तरीन, माझे पाय कापतात वो त्या कोर्टाच्या नुसत्या नावानं. तुमी तलावपालीला, तल्यापाशी थांबा, आपन दोघी संगती आत जाऊ."

त्याला हो म्हटलंय. त्यांनाही हो म्हटलंय.

साडी काढून ठेवली. निळी. दोघांपैकी कोणाला नाही म्हणायचं आणि काय सांगायचं, काही सुचत नाही.