डाव्या खांद्याला चार टाके कमी

सोमवार, तीन तारीख

तू हे वाचायला विसरणार, हे मला पक्कं माहीत आहे. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधणारी लेक तू. आज मला इथे तुझ्या लेकीकडे सोडून निघालीस तेव्हा माझी औषधांची पिशवीच खांद्याला लावून निघालीस, ती तिने जिना धावत उतरून परत आणली. तरी तुझ्या शब्दाला मान म्हणून इथलं सगळं बोलून ठेवणार आहे. तू त्या तुझ्या कामाच्या जागी, जिथे फोन लागत नाही, तिथून सुट्टीच्या दिवशी बाहेर आलीस की एकदम वाच.

या फोनचं मात्र कौतुक आहे हं. ना मी कधी शाळेची पायरी चढले, ना पाटी हातात धरली, आणि आता मी बोलते नि हा मुकाट्याने लिहून घेतो. इतकं मुकाट्याने तुझ्या वडिलांनी कधी ऐकलं नाही. एकच खोड आहे, जरा दम खाल्ला की लिहायचा थांबतो. मग पुन्हा बटण दाबा.

घर झकास आहे. तिसरा मजला, दोन खोल्या, भरपूर ऊन. कपाटात लोकर, पलंगाखाली लोकर, बटाट्याच्या टोपलीत लोकर. चहाला पातेलं काढलं तर त्यात हिरवा गुंडा बसलेला. तुझ्या लेकीला मी लहानपणी खारूताई म्हणायचे ते उगाच नाही. खिडकीशी एक बिनडोक्याची कापडी बाई उभी आहे. तिच्या अंगावर स्वेटर चढवून फोटो काढायचे असतात. मी तिला सवत म्हटलं, तर पोरगी हसून हसून खाली बसली.

बुधवार, पाच तारीख

पोरीचा धंदा अखेर डोक्यात शिरला. ही स्वेटर विकत नाही, स्वेटर कसा विणायचा ते विकते. मनात नक्षी जुळवायची, एक नमुना विणायचा, फोटो काढायचा, ओळीनओळ लिहून काढायची, मग कुठल्या कुठल्या बायका ती लिखापढी विकत घेऊन स्वतः विणत बसतात. मी म्हटलं, आमच्या वेळी हे शेजारीण जिन्यात उभी राहून फुकट सांगायची. ती म्हणाली, आजी, तुझी शेजारीण आता माझ्या पोटावर पाय देतेय.

साहेब नाही, घंटा नाही, म्हणून मला वाटलं चैन असेल. कसली चैन! एकाच वेळी तीन विणकामं, तोंडात टाचण्या, कानात बोलणं. या खुर्चीतून त्या खुर्चीत. बसली की उठते, उठली की काय करायला उठले ते आठवत नाही. तेवढी मात्र तुझ्यावर गेली.

पंधरा दिवसांपूर्वी एक मोठं काम आलंय. कुणा बाईने मागवलंय. ही तिला ऑर्डरवाली म्हणते, भेटलेली नाही. मोठ्या प्रदर्शनात मांडणार, खाली पोरीचं नाव लागणार. अशा संधीची ती चार वर्षं वाट पाहत होती. लोकर त्या बाईनेच धाडली आहे, बिनरंगाची, राखेसारखी. आणि पद्धत अशी की रोज सकाळी फोनवर त्या दिवसापुरत्याच ओळी येतात. पुढचं उद्या. माप म्हणे स्वतःचं घे. घोट्यापासून वर विणत जायचा असा लांब झगा, आणि आधीच विणून ठेवलेल्या बाह्यांना तोंडच नाही, पिशवीसारख्या बंद. मी विचारलं, नाक खाजलं तर तुझ्या त्या बाईने काय करायचं? पोरगी हसली नाही. उलट म्हणाली, आजी, बाकी सगळं हाताळ, त्याला हात लावू नकोस.

शनिवार, आठ तारीख

आज मला माझाच अभिमान वाटतोय, तेव्हा नीट ऐक.

पोरगी टपालाच्या कामाला बाहेर गेली. मी नुसतं बघायला म्हणून तो राखाडी झगा मांडीवर घेतला. घेतला तो जड, आणि ऊबदार, जसा कुणी आत्ता अंगातून काढलाय. अक्षरं मला येत नाहीत, पण टाके वाचायला मला चष्मासुद्धा लागत नाही. बोटं फिरवली की सुलट कुठे, उलट कुठे, विणताना कुठे लक्ष उडालं, सगळं कळतं. विणकाम छातीपर्यंत आलंय. माप तिचंच, कंबर बारीक, पाठ ताठ.

आणि डाव्या बाजूला, छातीच्या जरा खाली, एक टाका सुटलेला! बोट जाईल एवढं भोक, खाली शिडीसारखं उसवत गेलेलं. मला घामच फुटला. हिला शिकवलं कुणी? मी. सहा वर्षांची होती तेव्हा दोन पेन्सिली हातात देऊन. प्रदर्शनात हे भोक दिसलं असतं तर नाव कुणाचं गेलं असतं?

क्रोशाची सुई घेतली, अगदी खालचा टाका पकडला आणि एकेक आडवा धागा त्यातून ओढत वर आणला. वीस ओळी. सुईवर चढवला तेव्हा भोक कुठे होतं ते मलाच सापडेना. या वयात!

तिला सांगितलं नाही. बघू कधी लक्षात येतं.

रविवार, नऊ तारीख

लक्षात आलं.

ओरडली असती तर बरं होतं. पांढरीफटक पडली आणि तिथेच फरशीवर बसली. मग एकेक सांगितलं. पहिली बाही झाल्यावर लांबी पाहायला तिने हात आत घातला होता. तो बाहेर येईना. ओढलं तर चामडी ओढल्यासारखी दुखायची. शेवटी कात्रीने बाही कापून काढली आणि नवी विणली. मनगट दाखवलं मला. त्यावर टाके उमटलेत, ओळीनओळ. स्वेटरवर गाल ठेवून झोपलं की उमटतात ना, तसे. फक्त आठवडा झाला, जात नाहीत.

तेव्हापासून ती मुद्दाम एक टाका सोडून विणत होती. झग्यात भोक राहिलं तर तो कुणाला धरणार नाही, असं तिला वाटलं. ऑर्डरवालीचा रोज निरोप यायचा, एक टाका राहिलाय. बाईने काम कधी डोळ्यांनी पाहिलं नाही, हिने फोटो पाठवला नाही, तरी रोज तेच. ही रोज कानाडोळा करायची. काम सोडून का नाही दिलं, विचारलं. म्हणाली, आजी, नाव लागणार होतं गं.

आज सकाळचा निरोप तिने मला वाचून दाखवला. आभार. इथून पुढे डाव्या खांद्याला चार टाके कमी.

मी म्हटलं, फेकून देऊ, दहा विणू असले. तिने होकाराने मान हलवली. पण बोलता बोलता तिचे हात विणतच होते.

सोमवार, दहा तारीख

हात थांबत नाहीत.

आधी मला वाटलं, धाक बसलाय, म्हणून विणतेय. जेवायला बोलावलं तर म्हणाली, आजी, सोडता येत नाहीयेत सुया. मी सुया ओढून घेतल्या. तर तिची बोटं रिकामीच विणत राहिली. दिसलं असतं तुला तर कळलं असतं. हवेत टाका घालायचा, काढायचा, पुढचा. झगा पलंगावर होता आणि त्याची ओळ वाढत होती.

मी मोजलं. दहा ओळींना एक बटण, असं वाटीत टाकत. सकाळी चौदा बटणं, दुपारी पंधरा आणि वर पाच ओळी. सुया माझ्या पदराखाली.

लोकर कापली. दोन्ही टोकं तिने न बघता गाठ मारून जोडली.

घास भरवावा लागतो. चावता चावता तिची मान त्या कामाकडे वळते.

मंगळवार, अकरा तारीख

खालच्या इस्त्रीवाल्याने डॉक्टर आणला. इस्त्रीवाला भला माणूस, मला मावशी म्हणतो. डॉक्टर म्हणाला, कामाचा अतिताण, झोप हवी. सुई टोचली, पोरगी झोपली. झोपेत घोरतसुद्धा होती, तुझ्यासारखी. आणि हात विणत होते. डॉक्टर बघत उभा राहिला, मग बॅग उचलून उद्या येतो म्हणाला. तो काही येत नाही.

बोटांची टोकं सोलवटलीत. राखाडी लोकरीवर लाल ठिपके. तुला तीनदा फोन लावला. लागत नाही.

मी आज सारखी उठबस करतेय. खिडकी, दार, तिची खाट, खिडकी. काहीतरी समजलंय आणि ते बसू देत नाहीये. सांगते, जरा थांब—

बटण पुन्हा दाबलं. खांद्याचा भाग हाताने पाहिला. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. पाठीला बाक. मान पुढे. हे माप तिचं नाही. भोकाच्या खालचं सगळं तिचं, वरचं सगळं दुसऱ्या कुणाचं.

तू मला आयुष्यभर म्हणत आलीस ना, आई, सरळ उभी राहा, एक खांदा लोंबतोय. आरशासमोर उभी राहिले. हात लावून पाहिला. चार टाके बरोबर.

मी हात घातला त्यात. माझ्या हाताने तो टाका भरला. मग त्याने माप बदललं.

बुधवार, बारा तारीख

पोरगी पाणी पीत नाही. ओठ फुटलेत. बोटांतून आता हाडाचं पांढरं—

नको, ते नाही सांगत.

फोन तिच्या तोंडासमोर धरला, निरोप वाचून घेतला. गळा उरला, एवढंच. ती पुटपुटली, आजी, घालू नकोस. तिलाही कळलंय म्हणजे. मी म्हटलं, गप, मोठ्यांना शिकवू नये.

मग तिला म्हटलं, ऑर्डरवालीला विचार, मी झगा घातला तर पोरीचे हात सोडशील का. तिला बोटं मोकळी करता येईनात, मीच बोलले फोनमध्ये. उत्तर लगेच आलं. पोरीने वाचलं आणि रडायला लागली. मापाचाच आहे. एवढंच.

हो का नाही, ते सांगितलंच नाही बयेने.

गुरुवार, तेरा तारीख

इस्त्रीवाल्याला वर बोलावलं. सांगितलं, मी हाक मारली की आत ये, पोरीला उचल, खाली बायकोकडे ने, आणि मागे बघू नकोस. तो म्हणाला, मावशी, तुमचं काय. मी म्हटलं, मला स्वेटर मिळालाय.

हा फोन टेबलावर ठेवून घेतलाय, न थांबता लिहील असं काहीतरी इस्त्रीवाल्याने करून दिलं. आता बटणाला हात लागणार नाही.

भीती वाटते गं. तुझ्या वेळी दवाखान्यात वाटली होती तेवढी. तेव्हाही दुसरी वाट नव्हती.

घालतेय. डोक्यावरून.

घट्ट नाही. ऊबदार आहे. अगदी—

पोरीचे हात पडले. मांडीवर पडले, दोन्ही. थांबले. थांबले गं! बोटं रक्ताने माखलेली, पण स्वस्थ. माझ्याकडे बघतेय. इस्त्रीवाल्याऽऽ!

नेली. जिन्यात रडत होती, आजी आजी करत. रडू दे, रडण्यात जीव असतो.

शुक्रवार

तारीख माहीत नाही. चौदा असावी. ऊन येऊन गेलं.

हात बाह्यांत आहेत. बोटं वेगळी करता येत नाहीत. आहेत की नाहीत— एकाला एक विणल्यासारखी.

सुया टेबलावर आहेत. कुणाच्या हातात नाहीत. टकटक ऐकू येते, गळ्यापाशी. एक ओळ झाली की जरा थांबते, वळते, पुन्हा. काम चांगलं आहे. एक टाका सैल नाही. शिकवलंय मीच, कुणाला नावं ठेवू—

हनुवटी गेली आत.

ऐक. विसरू नकोस, पदराला गाठ मार हवी तर. दार उघडायचं नाही. पोरीला इथे येऊ द्यायचं नाही, कितीही रडली तरी. झग्याला हात नाही लावायचा. भोक दिसलं तरी— मी मुद्दाम दातांनी एक टाका—

नाही. भरलं तेही.

पोरीचं बघ. इस्त्रीवाल्याकडे पाठव तिच्यासाठी. मऊ पाव. उकडलेली अंडी, सोलून, तिला सोलता येणार नाहीत. लोणी. केळी. चमच्याने भरवायला सांग, महिनाभर तरी. दूध रोज.

मला काही नको.

बरं, पाठवायचंच तर पातळ. पेज, नाहीतर दूध. दोनदा गाळून घे, गुठळी राहू देऊ नकोस, आता ओठांना जेवढी फट उरलीय त्यातून जेमतेम एक थेंब, आणि लवकर, कारण ही ओळ संपली की—