जांभळ्या ट्रामचा आवाज

अप्पा, काल तुमची ती कॅसेट शोधून काढली. 'जांभळी ट्राम: निवडक गाणी'. कव्हरवर चष्मा घातलेला जांभळा हत्ती आणि मागे तुम्हा तिघांची खोटी नावं. पनवेलात ट्राम कधी आली नाही, पण तुमच्या भजनी मंडळाला लपायला तेच नाव बरं सापडलं.

तुम्ही शाळेतले गाण्याचे मास्तर. वर्गात कुणी सिनेमातलं गुणगुणलं तरी डोळे वटारायचात. पण तरुणपणी कुठेतरी विलायती पॉप ऐकलं होतंत, आवाज उलटे फिरवलेले, शब्दांना शेंडा ना बुडखा, आणि ते वेड काही डोक्यातून गेलं नव्हतं. अजून दिसतं मला. शिंप्याच्या दुकानामागची खोली, भिंतींना टांगलेल्या गाद्या, रविवारची दुपार. मी चहाची किटली घेऊन दाराशी उभी आहे. पेटीच्या सुरांची टेप उलटी फिरते आहे आणि तुम्ही चंद्र खाणाऱ्या माशाचं गाणं नाकातून, चिरक्या आवाजात गाता आहात. गव्हाण गावचे ढोलकीवाले काका हात थांबवून म्हणतात, "मास्तर, आमाला ह्यो आवाज नाय आवडत. तुमचा हाय तोच लावा ना."

"गुरूंना शब्द दिलाय, माझं गाणं डबीत भरणार नाही, रेकॉर्ड करणार नाही म्हणून," तुम्ही म्हणालात. "इथे नाव माझं नाही, आवाजही माझा नाही. मग शब्द मोडला कुठे?" तेव्हा मला तुमच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं. आज त्याच हुशारीची चीड येते, अप्पा.

तशा दोन लहान कॅसेटी निघाल्या, फारशा कुणी घेतल्या नाहीत. मग कॅसेट कंपनीने दोन्हींतली गाणी एकत्र करून ही निवडक गाण्यांची कॅसेट काढायचं ठरवलं, आणि नेमकी तेव्हाच तुमच्या घशात गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. आईने आयुष्यात तुमच्याकडे काही मागितलं नव्हतं. ऑपरेशनच्या आधी तिने टेपरेकॉर्डर तुमच्यासमोर ठेवला, कोरी कॅसेट घातली आणि म्हणाली, एक अभंग म्हणा, माझ्यासाठी. तुम्ही म्हणालात, शब्द तो शब्द, आणि उठून गेलात. मी मध्ये बोलायला गेले तर माझ्यावरच खेकसलात. निवडक गाण्यांची कॅसेट घरी आली तेव्हा तुमच्या गळ्याला भोक होतं. तुम्ही ती उलटसुलट करून पाहिलीत आणि पाटीवर लिहिलंत, 'हत्ती छान काढलाय.' आई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

तुमचं तेरावं झाल्यावर ती म्हणाली, त्यांचा आवाज लाव. माझ्याकडे दुसरं होतं काय? हीच लावली. तोंडाला पदर लावून तिने एक गाणं पुरतं ऐकलं. मग शांतपणे म्हणाली, "हे ते नव्हेत. बंद कर." त्यानंतर तिने कधी विचारलं नाही, आणि तुमचा आवाज पुन्हा न ऐकताच ती गेली. गुरूंना दिलेला शब्द तुम्ही पाळलात. त्याची किंमत तिने भरली, हे मला तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एवढं लिहिते. हे ते नव्हेत असं आई म्हणाली, तेव्हा मीही मान डोलावली. खरं म्हणजे तुमचा दुसरा, खरा आवाज मला तेव्हाच आठवेनासा झाला होता. अजूनही स्वप्नात तुम्ही मला हाक मारता, ती नाकातूनच.