दार कुठे आहे ते कळवावे

हेवर्ड, कॅलिफोर्निया
१३ एप्रिल २००२, गुढीपाडवा

ती. बाबांना,

नीलाचा साष्टांग नमस्कार, आईलाही. नवीन वर्ष तुम्हा दोघांना सुखाचं जावो, आणि आईच्या गुडघ्याला या वर्षी तरी अक्कल येवो.

मी ठीक आहे. हवा बरी आहे, सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी तो हातात धरून हिंडावं लागतं. बाजारात संत्री आली आहेत. दिसायला देखणी, पण सोलताना बोटांना वास लागत नाही. नागपूरच्या माणसाने यांना संत्री का म्हणायचं हा प्रश्न मी इथे बऱ्याच जणांना विचारला, कुणाकडे उत्तर नाही.

एव्हाना तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असाल, "मुद्द्यावर ये." येते. पण हे पत्र नेहमीसारखं जेवताना मोठ्याने वाचू नका. आधी एकट्याने वाचा. आईला कितपत सांगायचं ते तुम्ही ठरवा.

फेब्रुवारीत पद्मिनीकाकूंच्या पत्त्यावर तुम्ही पाठवलेला नकाशा मला मिळाला. मिळाला नाही असं मी फोनवर म्हणाले, ते खोटं होतं. त्यानंतर सलग सहा रविवार मी दोन मिनिटांत फोन ठेवला आणि फोनचं कार्ड संपल्याचं सांगितलं, तेही खोटं होतं.

चूक माझीच. नगररचना खात्यात एकतीस वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे तपासलेल्या माणसाला मी दर रविवारी माझ्या फ्लॅटचं वर्णन ऐकवत होते. निळा सोफा, लाकडी शेल्फ, खिडकीला पांढरा पडदा. तुम्ही विचारायचात, "पलंगापासून खिडकी किती फूट?" आणि मीही हौसेने सांगायचे. मला वाटायचं, तुम्हाला घर डोळ्यांपुढे आणायचंय. तुम्ही तर ते कागदावर उतरवत होतात! ट्रेसिंग पेपरवर, शाईने, प्रमाणात. तीन भिंती ठसठशीत आणि चौथीच्या जागी तुटक रेघ. खाली तुमचं टपोरं अक्षर: "खिडकीतून सकाळी आणि संध्याकाळी सारखाच उजेड येतो, हे घर पृथ्वीवर कुठे बसत नाही. चौथी भिंत सापडत नाही. दार कुठे आहे ते कळवावे."

मी तो कागद बसस्टॉपवर उभी राहून वाचला आणि समोर आलेली बस जाऊ दिली.

बाबा, त्या घराला दार नव्हतं. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत मला घरच नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये कन्सल्टन्सीने प्रोजेक्ट संपल्याचं सांगितलं आणि पंधरा दिवसांत आमचं गेस्ट हाऊसही रिकामं केलं. फ्रीमाँटच्या पद्मिनीकाकूंनी आनंदाने ठेवून घेतलं. पण पुढे त्यांचे सासू-सासरे पुण्याहून यायचे होते. काकू "अगं, होईल अ‍ॅडजस्ट" म्हणत राहिल्या आणि मी ऐटीत सांगून टाकलं की मला फ्लॅट मिळालाय. त्यांना सांगितलेलं खोटं मग तुम्हालाही सांगावं लागलं. परत यायचं तिकीट काढता आलं असतं. पण निघताना स्टेशनवर हार घेऊन आलेले शेजारी आठवायचे आणि पाय मागे यायचा.

सॅन फ्रान्सिस्कोत बायकांसाठी एक निवारा आहे. रात्री पलंग मिळतो, सकाळी सातला बॅगेसकट बाहेर. मग दिवसभर लायब्ररी. तिथे अर्ज पाठवायला कॉम्प्युटर असतो आणि तुम्ही कोण, कुठल्या, कुणी विचारत नाही.

एका शनिवारी दुपारी तिथे फुकट फ्रेंच सिनेमा होता. मी गेले ती हीटरसाठी. पडदा आखूड होता, त्यामुळे इंग्रजी ओळी पडद्याखाली, पुढच्या लोकांच्या डोक्यांवर पडत होत्या. निम्मे लोक उठून गेले. माझ्या शेजारचा मुलगा मात्र जिवाच्या आकांताने त्या डोक्यांवरचं वाचू पाहत होता. माझ्या तोंडून "अरे देवा!" निघालं, तसा तो गर्रकन वळला. "अहो, मराठी? तो काय बोलला आत्ता? प्लीज सांगा ना, टोटल बाउन्सर जातंय."

तुम्ही म्हणायचात ना, फ्रेंच शिकून काय फ्रान्सच्या लाटसाहेबाकडे नोकरी करणार? नोकरी नाही लागली, पण दीड तास मी एका माणसाच्या कानात मराठीत आख्खा सिनेमा ओतला.

पॅरिसमधल्या दोन बेघर माणसांची गोष्ट होती. तो मंडईत खोकी गोळा करायचा, ती पूर्वी टोप्या शिवायची, आता काहीच करत नव्हती. रोज संध्याकाळी दोघं फर्निचरच्या एका दुकानाच्या काचेबाहेर उभी राहायची आणि आतल्या मांडलेल्या खोलीकडे बघून तो म्हणायचा, "चला, पोचलो घरी." शेवटी दुकान बंद पडतं. ती रिकाम्या काचेपुढे एकटीच उभी असते आणि म्हणते, आता कुणीही येणार नाही. माझी जीभ वळेना. मी सांगितलं, "ती म्हणतेय, तो येतोच आहे."

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "फ्रेंच येत नाही मला, पण तिचा चेहरा दिसत होता. तरी थँक्स हं."

त्याचं नाव चारुदत्त. कोल्हापूरचा, माझ्यासारखाच प्रोजेक्ट गेलेला. कॉफी प्यायला बसलो तेव्हा दोघांनी एकमेकांना आपापल्या फ्लॅटबद्दल सांगितलं. त्याचा सांताक्लाराला होता म्हणे, दोन बेडरूमचा. मग मी विचारलं, इतक्या लांबून या लायब्ररीत का आलात? तो हसत सुटला आणि म्हणाला, "बेडरूम दोनच, यार. पुढची सीट आणि मागची सीट." तो गाडीत राहत होता. मग मीही माझी बॅग टेबलाखालून बाहेर काढून दाखवली. बाबा, दोन महिन्यांत पहिल्यांदा मी कुणाला तरी खरं सांगितलं होतं, आणि समोरचा माणूस हसत होता, आणि मला अजिबात राग आला नाही.

सिनेमातलं वेड आमच्याही डोक्यात शिरलं. खाडीपलीकडे फर्निचरचं एक अवाढव्य दुकान आहे. आत नमुन्याच्या खोल्या मांडलेल्या असतात, खुशाल बसा, कुणी उठवत नाही. आम्ही रविवारी दुपारी तिथे जायचो आणि आमची खोली ठरलेली होती. निळा सोफा, लाकडी शेल्फ. खिडकीमागे ट्यूबलाइट लावलेली, म्हणून पडद्याबाहेर कायम सकाळ. आणि चौथ्या बाजूने गिऱ्हाइकं यायची-जायची, म्हणून तिथे भिंतही नाही आणि दारही नाही. तिथून निघालं की मी टेलिफोन बूथमधून तुम्हाला फोन करायचे. पलंगापासून खिडकी पाच फूट, हे चारुदत्तने पावलांनी मोजलेलं होतं.

फेब्रुवारीत निवाऱ्याची मुदत संपली. मग महिनाभर मीही त्या गाडीत राहिले. मी मागच्या सीटवर, तो पुढच्या. आईला हे सांगितलंत तर मध्ये हँडब्रेक होता हेही सांगा. तिचा माझ्यावर नसला तरी हँडब्रेकवर विश्वास बसेल.

तुमचा नकाशा मी त्याला दाखवला. त्याने तुटक रेघेवर बोट ठेवलं आणि तो म्हणाला, "नीला, त्यांना सगळं कळलंय गं. तरी रागावले नाहीत, फक्त दार विचारलंय." मी त्या दिवशी खूप रडले. मग ठरवलं की तुम्हाला खरंखुरं दार दाखवता येईल तेव्हाच पत्र लिहायचं. हे माझं चुकलंच. सहा आठवडे तुम्ही तो तुटक रेघेचा कागद डोक्यात घेऊन झोपला असाल, याचा मी विचारच केला नाही. मला माफ करा.

आता चांगली बातमी. मार्चमध्ये मला दवाखान्यांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंगची नोकरी लागली. व्हिसाचे कागदही त्यांनीच केले. लोकांच्या चुका शोधायचं काम, म्हणजे तुमचंच घराणं पुढे चालवतेय. पहिल्या तारखेपासून मी हेवर्डला एक खोली घेतली आहे, खाली लाँड्री आहे, त्यामुळे जमीन कायम कोमट. चारुदत्तला पुढच्या महिन्यात प्रोजेक्ट मिळतोय. तोवर त्याला पद्मिनीकाकूंनी त्यांच्याकडे ठेवून घेतलंय. काकूंना सगळं सांगितलं तेव्हा त्या आधी कडाकडा भांडल्या, "अगं, सासूबाईंना हॉलमध्ये झोपवलं असतं!" आणि मग डबा भरून दिला.

आज सकाळी काकू-काका आणि चारुदत्तसह इथे गुढी उभारली. पडद्याच्या दांड्याला माझी ओढणी, वर काकूंचा तांब्या. साखरेच्या गाठी मिळाल्या नाहीत म्हणून मार्शमेलो नावाच्या मऊ पांढऱ्या गोळ्या दोऱ्यात ओवल्या. कडुलिंबाऐवजी चारुदत्तने कच्च्या कारल्याची फोड चावून खाल्ली आणि तोंड वाकडं न करता "छान आहे" म्हणाला. खोटं बोलायला तो माझ्याकडून शिकतोय. गुढी खिडकीत लावू या असं काका म्हणत होते. मी म्हटलं, नाही, दारातच. आता आहे ना दार!

बाबा, आम्ही १७ मेला इथल्या कचेरीत लग्न करायचं ठरवलंय. तो तुम्हाला वेगळं पत्र लिहितोय, तीन वेळा फाडून झालंय.

सोबत या खोलीचा नकाशा पाठवतेय. प्रमाण पाव इंचाला एक फूट. खिडकी एकच, पूर्वेला, आणि दुपारनंतर तिथे अंधार असतो. दार आत उघडतं आणि फ्रिजवर आपटतं, हा दोष मला ठाऊक आहे, तरी तुम्ही लाल पेन्सिलने गोल कराल हेही ठाऊक आहे. खाली उजव्या कोपऱ्यात तुमच्या पद्धतीने तीन चौकटी आखल्या आहेत. "नकाशा काढणार" इथे माझी सही आहे. "मोजमाप घेणार" इथे चारुदत्तची, कारण टेपचं दुसरं टोक त्याने धरलं होतं. "मंजूर" ही चौकट रिकामी आहे.

तुम्ही सही केली नाहीत तरी आम्ही लग्न करू, आता खोटं कशाला लिहू? पण मग मला जन्मभर विनापरवाना बांधकामात राहिल्यासारखं वाटेल, आणि तशा घरांबद्दल तुम्ही काय काय बोलायचात ते मी लहानपणापासून ऐकलंय. तेव्हा जे खटकेल ते लाल पेन्सिलने लिहा. कितीही लिहा. फक्त नकाशा १७ मेच्या आधी परत पाठवा. पत्ता पाकिटावर आहे, आणि या वेळी तो माझा आहे.

दार स्वतः उघडून, लावून, पुन्हा उघडून पाहिलेली,
तुमची नीला

सोबत: नकाशा एक, चारही भिंतींसह.