बोली, आणि वर सात

तीर्थरूप मावशी,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. आमच्या जिन्यात सध्या तेवढी लांबी मोकळी नाही. कारण खाली येईल.) इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे आई माझ्याशी कामापुरतंच बोलते. तुझं मनगट कसं आहे? प्लॅस्टर निघालं तरी मोबाइलवर फार बोटं चालवू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते तू पाळतेस आणि दिवसभर शांत बसून असतेस, असं दादाने कळवलं. वाचून बरं वाटलं. खरं वाटलं असं मात्र म्हणणार नाही.

लिहायला कारण म्हणजे स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल. त्याचा एक पाय चार मिलिमीटर आखूड आहे (तीनदा मोजला). उरलेले तीन तेवढेच कापले की काम संपलं. त्याला लागते एक बारीक दातांची करवत, आणि ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. मी दुकानात जाण्याऐवजी जुन्या हत्यारांच्या ऑनलाइन लिलावात शिरले. करवत तिथे एकटी विकायला नव्हती. 'एक पेटी, आहे तशी' अशी होती. मी जिंकले. पेटीत करवत निघाली, शिवाय एकेचाळीस कानशी आणि हातोड्यांचे अकरा दांडे. हातोडी एकही नाही. आईने पेटीत डोकावून पाहिलं. "घरात चमचे सहा," ती म्हणाली, "आणि कानशी एकेचाळीस. पाहुणे आले की त्यांनीच वाढ."

आता अकरा दांडे नुसते ठेवून कसं चालेल, म्हणून हातोड्या शोधायला बसले, आणि शोधता शोधता एक उभं ड्रिल मशीन जिंकले. इथे मी पूर्ण शिस्तीने वागले होते. मशीनची उंची, रुंदी, वजन, खोलीचं दार, फरशीची ताकद, विजेचा भार, सगळं आधी कागदावर मांडलं. जिन्याचं वळण मांडलं नाही. चार हमालांनी दीड तास झटून मशीन पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधोमध आणलं, तिथे ते अडकलं आणि अजून तिथेच आहे. खालच्या मजल्यावरचे काका पहिल्या दिवशी भांडले, दुसऱ्या दिवशी त्याला छत्री अडकवून गेले, आणि आता त्याला 'साहेब' म्हणतात. "साहेब जागेवर आहेत ना?" असं विचारतच वर येतात.

एवढ्यावर मी थांबणार होते. पण त्याच आठवड्यात तुझा व्हाइस दिसला, वस्तू जबड्यात घट्ट धरणारा तो लोखंडी शिकंजा. तू गॅरेज आवरून लेकाकडे, दादाच्या फ्लॅटवर राहायला गेलीस, तेव्हा सगळी हत्यारं भंगारवाल्याला एकगठ्ठा दिलीस आणि "सुंठीवाचून खोकला गेला, आता हात लावायची नाही," म्हणालीस. फिरत फिरत तो शिकंजा लिलावात आला असणार. फोटोत डाव्या जबड्याच्या कोपऱ्यावर खाच होती. सातवीच्या सुट्टीत मी तिथे करवत चालवली होती. बत्तीस वर्षं पोरांना फिटरचं काम शिकवलेली तू, दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस, तिसऱ्या दिवशी म्हणालीस, "चला, खूण झाली. कुठेही गेला तरी ओळखशील." ओळखला. तो परक्या घरी जाऊन त्यावर कुणी नारळ फोडत बसलं असतं, हे मला पटण्यासारखं नव्हतं. (शिवाय स्टुलासाठी हवाच होता. मुख्यतः स्टुलासाठीच.)

लिलाव दुपारी साडेतीनला संपणार होता. मी ऑफिसच्या बैठकीत होते, मोबाइल टेबलाखाली. सुरुवातीला आठ जण होते, सहा गळाले. उरले मी आणि 'निवांत६१'. शेवटच्या मिनिटाला कुणी बोली वाढवली की लिलाव आणखी दोन मिनिटं चालतो. या गृहस्थांनी (तेव्हा मी गृहस्थच समजत होते) तो अकरा वेळा चालवला. इतका कमी निवांत माणूस मी पाहिलेला नाही. बोली नव्या कोऱ्या व्हाइसच्या किमतीपलीकडे गेली, तरी हटायला तयार नाही. मी दात-ओठ खात आणखी एक बोली लावली, नेहमीप्रमाणे वर सात टाकून. (गोल आकडा बोलणारा कुठे थांबणार ते समोरच्याला कळतं, म्हणून वर सात टाकावेत, हे भंगारबाजारात तूच शिकवलंस.) लगेच उलट बोली आली. तिच्याही शेवटी सात.

तीन अठ्ठावन्नला मी जिंकले, आणि माझा हात आपोआप वर गेला. नेमकं तेव्हाच वरिष्ठ विचारत होते की गोदामातल्या साडेतीन हजार मापन-उपकरणांची तपासणी कोण करेल. बारा वर्षांत या कामासाठी कुणी हात वर केला नव्हता. त्यांनी लगेच माझं नाव लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. तेव्हापासून मी गोदामात असते.

व्हाइस मागच्या खोलीत भक्कम बाकावर बसवला आहे. त्यात धरून स्टुलाचे तीन पाय कापले. आता ते दुसऱ्या बाजूला हलतं. आई म्हणते, "अजून दोनदा दुरुस्त कर, म्हणजे पाट होईल."

दादा-वहिनींना नमस्कार. मनगटाला जप.

तुझी भाची

ता. क. १. लिलाव संपल्यावर तीन मिनिटांनी तू आईला फोन केलास, आणि काही विषय नसताना म्हणालीस, "जगात चिवट आणि मूर्ख माणसं फार झालीत गं." मग मी तुझं वय मोजलं. एकसष्ट. दादाला काही सांगितलेलं नाही, डॉक्टरांनाही नाही. मात्र उद्या अकरा बिनदांड्यांच्या हातोड्यांचा लिलाव आहे. त्यात कृपा करून निवांत राहा.

ता. क. २. स्टूल माझ्याने सरळ होत नाही. तू ये. जिन्यात साहेबांच्या डाव्या अंगाला अठ्ठेचाळीस सेंटिमीटर जागा आहे. तिरकी आलीस तर मावशील. छत्रीला धक्का लावू नकोस, काका रागावतात.

ता. क. ३. व्हाइसच्या जबड्याची वरची कड काम करणाऱ्याच्या कोपराइतक्या उंचीवर हवी, हा तुझाच नियम. माझं कोपर एकशे चार सेंटिमीटरवर येतं, तुझं बरंच खाली. व्हाइस शहाण्णववर बसवला आहे. मोजण्यात मी चुकलेले नाही.