झाकणाचा प्रचारदौरा

प्रिय मेहुणेराव,

अनेक आशीर्वाद. तब्येत कशी आहे, घरची मंडळी खुशाल आहेत ना, वर्कशॉपात गेट-ग्रिलची कामं येताहेत ना, असं विचारायची रीत आहे म्हणून विचारतो. उत्तराची अपेक्षा नाही, कारण चौकात तुझ्या ताईचा फोटो झळकल्यापासून तू माझा फोनसुद्धा उचलत नाहीस. तुझंही बरोबर आहे. बहिणीला जाऊन वर्ष झालं नाही आणि ती महापौरपदाच्या उमेदवाराशेजारी हसत उभी, हे कुणाला सहन होईल? (ती त्याला कधी भेटलीही नव्हती. फोटो तुझ्याच लग्नातला आहे. शेजारी मी होतो, मला कापलं.) पण तो फोटो मी का दिला हे एकदा वाच, मग खुशाल पत्र चुलीत घाल.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गटाराचं झाकण भंगारासाठी चोरांनी पळवलं, त्यानंतरच्या पावसात रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं आणि तुझी ताई त्या भोकात गेली, हे तुला वेगळं काय सांगू. त्यानंतर महापालिकेत खेटे घालून माझ्या चपला झिजल्या. अर्जाची पोच मिळाली, झाकण काही मिळालं नाही. अशात हा उमेदवार नवा चष्मा करायला माझ्या दुकानात आला. सगळं ऐकून हळहळला, डोळे पुसले (चष्मा अजून तयार नव्हता, त्यामुळे समोर कोण रडतंय हे त्याला नीट दिसत होतं का, शंकाच आहे) आणि म्हणाला, शहर सुधारायची माझी पाच कामं ठरली आहेत, त्यात हे पहिलं. तुम्ही फक्त वहिनींचा एक फोटो द्या, झाकण मतदानाआधी बसवतो. मी दिला. अडला हरी गाढवाचे पाय धरी, त्यातली गत.

तर झाकण खरोखर आलं. नवंकोरं, काळंभोर. मला तर भरून आलं. पण बसवायचं राहिलं बाजूला, त्याला लाल फीत बांधून जीपवर चढवलं. आधी जनतेला दिसलं पाहिजे म्हणे. तेव्हापासून झाकण आणि मी, दोघं एकाच जीपमधून शहरभर फिरलो. सभेत आधी झाकण दाखवायचे, मग मला. टाळ्या झाकणाला जास्त पडायच्या. मला ताकीद होती की बोलायचं नाही, नुसतं उभं राहायचं आणि जमलं तर मान खाली घालायची. ती न सांगताच जात होती. आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, ते गटार इकडे आ वासून पडलेलं.

मग उमेदवाराच्या सल्लागाराने पाहणी केली. लोकांना म्हणे गटारापेक्षा गाड्या लावायला जागा हवी आहे. झालं, तुझी ताई दुसऱ्या नंबरावर. पुढच्या आठवड्यात भटकी कुत्री तिच्या पुढे गेली. त्यानंतर बागेतलं कारंजं. मेहुणेराव, मी जन्मात कुणाशी भांडलो नाही, पण त्या कारंज्यावरून भांडलो. मेलेल्या बायकोचा नंबर तीनवरून चारवर जाऊ नये म्हणून एक म्हातारा होत चाललेला माणूस प्रचार कार्यालयात टेबलावर हात आपटतोय, हे तिने पाहिलं असतं तर दंडाला धरून मला घरी आणलं असतं. सल्लागाराने समजूत घातली की नंबर कुठलाही असो, पत्रकात नाव तर राहणारच ना. परवा नवं पत्रक आलं. त्यात पाचवं काम ‘इतर’ असं आहे.

झाकण हल्ली कार्यालयातच असतं. दोन खुर्च्यांवर आडवं टाकून त्यावर चहाचे पेले ठेवतात. असो. बाकी इकडे सर्व ठीक, दुकान बरं चाललंय, काळजी नसावी.

तुझा (तू मानत असलास तर) भावोजी

ता. क. झाकण कार्यालयात असतं हे खोटं लिहिलं. काल दुपारी सगळे सभेला गेल्यावर मी ते हातगाडीवर घालून गल्लीत आणलं. बसवायला गेलो तर भोक चौकोनी, झाकण गोल, आणि वर लहान. इतके दिवस गावभर मिरवलं, पण माप एकानेही घेतलं नव्हतं. (मीही नाही.) हातातून सुटलं ते थेट आत. एवढं जड लोखंड, पण पाण्याने बघता बघता गिळलं. मी तिथेच रस्त्यात बसलो. तुझी ताई तर किती हलकी होती रे. आता उमेदवार प्रचारसाहित्य चोरल्याची तक्रार करतो म्हणतोय. करू दे.

ता. क. दुसरा. मुद्द्याचं सांगायचं राहिलं. भोक अडीच फूट लांब आणि दोन फूट रुंद आहे. या वेळी रस्त्यावर पालथं पडून टेपने मोजलंय. मला एक झाकण करून दे. त्यावर कुणाचं नाव घालू नकोस, तुझ्या ताईचंही नको, लोकांचे पाय पडतील. आभाळ रोज भरून येतंय, म्हणून दुकान बंद केलं की मी तिथे खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बाजूने जा म्हणतो. लोकांना वाटतं, अजून प्रचारच चाललाय.

ता. क. शेवटचा. झाकण जड कर, चोराच्या बापाला उचलता येणार नाही इतकं. बसवताना एक बाजू तू धर, एक मी धरतो. त्यासाठी काही बोलावं लागत नाही.