आरामशीनवरचं सोनं

पांढुर्णा,
१९ नोव्हेंबर १९८६

प्रिय देवीदास,

सात वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. मी इथल्याच शाळेत शिकवते. बाबा घरी असतात. आमची लाकूड कापायची आरामशीन बंद आहे, तिचा पट्टा उंदरांनी खाल्ला.

रविवारी शेजारच्या शकुबाईंकडे टीव्हीवर तुझं कार्टून लागलं. तुझं नाव दिसलं तेव्हा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू! मग इंग्रजांच्या वेळची, रेल्वेचे स्लीपर कापणारी आरामशीन आली. आमचीच ती, फाटकाजवळची चिंचही तू सोडली नाहीस. जुनी तुळई कापताना भुशात सोन्याची मोहोर पडते, गावभर बोंब होते, तिगावपासून सौसरपर्यंतची माणसं कुदळी घेऊन धावतात. मिशाळ मालक, हुबेहूब बाबा, स्वतःच आऱ्याखाली खोदत सुटतो. शकुबाईंची नातवंडं हसून लोळत होती.

मला तो दिवस दिसत होता. मोहोर एकच होती, तुळईत कोणीतरी लपवलेली. मनोहरदादानं बाबांना किती समजावलं! पण गावानं आधी सोनं काढलं तर, या धास्तीनं त्यांनी पोटच्या पोरालाच खड्ड्यात उतरवलं. कुदळ त्याच्या हाती तू दिलीस. पाया मोकळा झाला आणि भिंत त्याच्यावर बसली. दुसऱ्या दिवशी तू मुंबईला निघून गेलास, तेरवीलाही आला नाहीस. कुदळीचं मी कोणाला बोलले नाही. आपल्या लग्नाची बोलणीही तिथंच राहिली.

तुझ्या कार्टूनमध्येही भिंत कोसळते. पण माणसं धूळ झटकत एकेक वर येतात. शेवटी येतो तो उंच पोरगा, पट्ट्यांच्या बनियनमधला. मी रागानं उठलेच. घरी जाऊन तुला काय काय लिहायचं, ते मनात जुळवूनही झालं होतं.

तेवढ्यात बाबांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत ते कोणाशी धड बोललेले नाहीत. पडद्याकडे बोट करून म्हणाले, "इंदू, पाह्य, मनोहर वर येऊन राहिला."

तेव्हापासून रोज विचारतात, पुन्हा कधी दाखवतील. टीव्हीवाल्यांना सांगणं तुझ्या हाती नसेल, तर तूच ये. मी काही विचारणार नाही. बाबांसमोर बस आणि कागदावर तेवढंच काढ, मनोहर वर येतो ते.

एके काळची तुझीच,
इंदू